व्हीआर हेडसेट घ्यावा का? विचारापासून वापरापर्यंतचा अनुभव

आभासी वास्तवातील खेळांसाठी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या व्हीआरसाठी, पैसे खर्च करावेत की नाही हा प्रश्न मला जानेवारीत पडला आणि त्याचे ठाम उत्तर देता येण्यास ऑक्टोबर उजाडला. या काळात वाचलेल्या अभिप्रायांचे दोनच प्रकार होते. काहींना या यंत्राने वेड लावले होते, तर काहींचा हेडसेट, म्हणजे डोक्यावर चढवायचा पडदा, दोन महिन्यांत कपाटात गेला होता. दोन्ही बाजू प्रामाणिक वाटत होत्या. एकाच यंत्राबद्दल इतकी टोकाची मते का, हे मात्र कोणी उलगडून सांगत नव्हते. सगळी प्रक्रिया पार पडल्यावर माझे मत असे झाले आहे की हेडसेटचा दर्जा हा या प्रश्नाचा तुलनेने लहान भाग आहे. खेळावेसे वाटल्यापासून प्रत्यक्ष खेळ सुरू होईपर्यंत किती अडथळे येतात आणि आपले शरीर त्या खेळाला किती वेळ साथ देते, यावरच यंत्र वापरात राहते की धूळ खाते हे ठरते. त्यामुळे खाली खेळांपेक्षा या अडथळ्यांबद्दलच जास्त लिहिले आहे.

सुरुवातीला माझ्या मनात उत्साहापेक्षा संशय अधिक होता आणि त्याला कारणही होते. डोक्यावर चढवायच्या पडद्याची कल्पना जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच असे उपकरण तयार केले होते. निन्टेन्डोने १९९५ मध्ये आणलेला व्हर्च्युअल बॉय पुढच्याच वर्षी बंद झाला. २०१२ मध्ये ऑक्युलस या हेडसेट बनवणाऱ्या कंपनीने लोकवर्गणीतून पैसे उभे केले, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली, २०१६ मध्ये रिफ्ट, व्हाइव्ह आणि प्लेस्टेशन व्हीआर हे तिन्ही हेडसेट एकाच वर्षात बाजारात आले, आणि आता व्हीआर घराघरांत पोहोचणार असे त्या वेळीही सांगितले जात होतेच. स्टीम या संगणकावरील खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या मासिक पाहणीत व्हीआर हेडसेट बाळगणाऱ्यांचे प्रमाण इतक्या वर्षांनंतरही साधारण दोन टक्क्यांच्या आसपासच रेंगाळलेले दिसते. जिथे गिऱ्हाईक इतके थोडे, तिथे मोठ्या खर्चाचे खेळ कमीच निघणार, हे गृहीत धरूनच मी पुढे गेले.

फेब्रुवारीत मी तासाच्या दराने व्हीआर खेळायला देणाऱ्या एका केंद्रात गेले. विकत घेण्यापूर्वी हे करावेच, पण तिथे काय तपासायचे हे ठरवून जावे. अशा ठिकाणी नवख्या माणसाला बहुतेक वेळा उभ्या जागी खेळायचा, चक्कर न आणणारा खेळ लावून देतात. तो सर्वांनाच आवडतो आणि त्यावरून घरच्या वापराबद्दल फारसे काही कळत नाही. मी तिथल्या मुलाला विनंती करून असा खेळ लावायला सांगितला, ज्यात हातातल्या कंट्रोलरवरची काडी (जॉयस्टिक) पुढे ढकलून चालायचे असते. काही मिनिटांतच कपाळावर घाम आला आणि पोटात ढवळू लागले. मन खट्टू झाले हे खरे, पण खरेदीपूर्वी मिळालेली ही सर्वांत उपयोगी माहिती होती. दुसरी गोष्ट म्हणजे मी माझा नेहमीचा चष्मा घालूनच गेले होते. चष्म्याची चौकट हेडसेटमध्ये बसते का, काच हेडसेटच्या लेन्सला घासते का आणि मेनूमधली बारीक अक्षरे वाचता येतात का, हे तीन प्रश्न तिथेच सुटले.

मार्च आणि एप्रिल हे दोन महिने निवडीत गेले. व्हीआरचे मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. संगणक किंवा कन्सोल (टीव्हीला जोडायचे खेळयंत्र) न लागणारा स्वयंपूर्ण हेडसेट हा एक. चांगल्या ग्राफिक्स कार्डच्या संगणकाला जोडायचा हेडसेट हा दुसरा. आणि प्लेस्टेशनसारख्या कन्सोलचा हेडसेट हा तिसरा. बाहेरून पाहताना ही तुलना चित्राच्या स्पष्टतेची वाटते, पण खर्च मांडायला बसल्यावर ती वेगळीच दिसू लागली. स्वयंपूर्ण हेडसेटच्या बाबतीत मूळ किंमत हाच खर्चाचा मोठा भाग असतो. तरीही अधिक आरामदायी पट्टा, नंबरच्या लेन्स, रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्या आणि सुरुवातीचे चार-पाच खेळ मिळून माझ्या हिशेबात मूळ किमतीच्या जवळपास निम्मी रक्कम आणखी धरावी लागली. संगणकाच्या मार्गात योग्य ग्राफिक्स कार्ड घरी नसेल तर हेडसेटपेक्षा संगणकच महाग पडतो. कन्सोलच्या मार्गात कन्सोल आधीपासून असेल तरच गणित जुळते.

याहून महत्त्वाचा प्रश्न मला नंतर सुचला: घेतलेले यंत्र आणि त्यावरचे खेळ किती वर्षे चालतील? मोबाइल जुना झाला तरी तो फोन म्हणून चालत राहतो. हेडसेटचे तसे नसते, कारण तो कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर पूर्णपणे अवलंबून असतो. मायक्रोसॉफ्टचे विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीवर अनेक कंपन्यांचे हेडसेट चालत होते. २०२३ च्या अखेरीस ती बंद करण्याचे जाहीर झाले आणि विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीतून ती काढून टाकली गेली. हेडसेट सुस्थितीत असले तरी संगणक अद्ययावत करताच त्यांचा आधार गेला. सोनीचा २०२३ मधील प्लेस्टेशन व्हीआर २ हा पहिल्या पिढीच्या हेडसेटचे खेळ चालवत नाही. तो संगणकाला जोडण्यासाठीचा अधिकृत अडॅप्टर ऑगस्ट २०२४ मध्ये आला. खेळांचेही तसेच. गुरुत्वाकर्षणाविना तरंगत चकती फेकण्याचा एको व्हीआर हा सांघिक खेळ अनेकांच्या आवडीचा होता आणि तो केवळ ऑनलाइन चालत असल्यामुळे १ ऑगस्ट २०२३ रोजी सर्व्हर बंद झाले त्या दिवशी तो संपला.

हे सगळे वाचल्यावर मी दोन नियम ठरवले आणि ते आजही पाळते. जो खेळ स्टीमवर आणि हेडसेटच्या स्वतःच्या दुकानात असा दोन्हीकडे मिळतो, तो शक्यतो स्टीमवर घ्यायचा, कारण पुढे दुसऱ्या कंपनीचा हेडसेट घेतला तरी तो खेळ आपल्याजवळ राहतो. दोन दुकानांमधली खरेदी एकमेकांत हलवता येत नाही. आणि केवळ ऑनलाइन चालणाऱ्या खेळावर, तो आज कितीही गाजत असला तरी, फार पैसे घालायचे नाहीत. पहिला नियम पाळायचा तर संगणक लागतो, आणि माझ्याकडे मध्यम दर्जाचा गेमिंग संगणक होता, म्हणून एकट्यानेही चालणारा आणि वाटेल तेव्हा संगणकाशी वायफायने जोडता येणारा स्वयंपूर्ण हेडसेट घ्यायचे ठरले. त्याचे नाव इथे देत नाही, कारण मॉडेल दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि पुढची प्रक्रिया कोणत्याही हेडसेटला साधारण सारखीच लागू होते.

मागणी नोंदवण्यापूर्वी दोन मापे घ्यावी लागतात आणि दोन्हींकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पहिले माप डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतराचे. प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, पण व्यक्तीगणिक त्यात बराच फरक पडतो. काही हेडसेटमध्ये लेन्समधील अंतर चक्र फिरवून हवे तसे जुळवता येते, तर मेटाच्या (पूर्वीच्या फेसबुकच्या) क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३एस यांच्यासारख्या काहींमध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचा असतात. आपले माप दोन खाचांच्या मधोमध येत असेल, तर चित्र कडेला धूसर दिसते आणि डोळे लवकर थकतात. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासताना हे माप मिळते, पण ते नंबरच्या कागदावर नेहमी लिहिलेले नसते. मला ते मागून लिहून घ्यावे लागले. दुसरे माप खोलीचे. फिरून खेळण्यासाठी साधारण दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद मोकळी जागा लागते. मी जमिनीवर चिकटपट्टी लावून तेवढा चौकोन आखला आणि त्यात उभे राहून हात चारही बाजूंना आणि वरही फिरवून पाहिले. वर पाहायचे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पंख्याचे किंवा दिव्याचे नुकसान होते ते त्यामुळेच.

मे महिन्यात मागणी नोंदवली. त्याआधी विक्रेत्याला ईमेलने एकच प्रश्न विचारला होता: खोके उघडून हेडसेट वापरल्यानंतर, तो सदोष नसला तरी, परत घेता का? चेहऱ्याला लागणारी वस्तू म्हणून काही विक्रेते उघडलेला हेडसेट स्वच्छतेच्या कारणावरून नाकारतात. होकार, मुदत आणि परतीच्या वाहतुकीचा खर्च कोणाचा, एवढे तिन्ही मुद्दे लेखी मिळाल्यावरच पैसे भरले. मुदत खोके हाती पडल्यापासून मोजली जाते, उघडल्यापासून नाही, हेही त्याच उत्तरात कळले. त्यामुळे ज्या आठवड्यात आपल्याला वेळ असेल त्याच आठवड्यात वस्तू येईल असे पाहावे. खोके उघडताना बिल, हेडसेट आणि दोन्ही कंट्रोलर यांचे अनुक्रमांक आणि आतल्या सामानाची मांडणी यांचे फोटो काढून ठेवले. कंट्रोलरवरचा अनुक्रमांक बॅटरीच्या कप्प्यात इतक्या बारीक अक्षरांत असतो की पुढे घाईच्या वेळी तो वाचण्यापेक्षा फोटो मोठा करून पाहणे सोपे जाते. खोके मुदत संपेपर्यंत फेकू नये.

पहिल्या संध्याकाळी खेळ खेळता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. हेडसेट चार्ज करणे, फोनवर अॅप घेणे, खाते उघडणे, जन्मतारीख देणे, वायफाय जोडणे, सॉफ्टवेअरचे मोठे अपडेट उतरवणे, मग कंट्रोलरचे अपडेट, असे सगळे होईपर्यंत माझी संध्याकाळ संपली. खाते कोणत्या नावाने आणि कोणत्या ईमेलवर उघडायचे याचा विचार आधी करावा, कारण पुढची सगळी खरेदी त्याच खात्याला चिकटते. परवानग्यांचे पडदे एकामागून एक येतात आणि पुढे जाण्याच्या घाईत माणूस सगळ्यांना होकार देत सुटतो; मी मात्र तिथे थांबले. हे यंत्र बाहेरच्या कॅमेऱ्यांनी खोलीचा आकार, फर्निचरची जागा आणि आपल्या हातांच्या हालचाली टिपत असते आणि काही हेडसेट नजर कुठे आहे हेही टिपतात. त्यातले खेळासाठी आवश्यक किती आणि कंपनीच्या सोयीसाठी किती हे वाचून, ज्याला नकार देता येतो त्याला नकार दिला. घरात मुले असतील तर वयाच्या अटीही इथेच पाहाव्यात. मेटा १० ते १२ वर्षांच्या मुलांना पालकांच्या देखरेखीखालील खाते देते, तर सोनी प्लेस्टेशन व्हीआर २ साठी १२ वर्षांची अट घालते.

आता शरीराचा प्रश्न. व्हीआरमधील मळमळीचे सर्वमान्य स्पष्टीकरण असे की डोळे सांगतात आपण चाललो आहोत, आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते आपण स्थिर आहोत; मेंदूला या दोन साक्षी जुळवता येत नाहीत. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठीच्या सिम्युलेटरमध्ये हा त्रास १९५० च्या दशकापासून नोंदवला गेला आहे, म्हणजे तो व्हीआरच्याही आधीचा आहे. डोके फिरवल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा विलंब सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे या क्षेत्रात मानतात, आणि पहिल्या रिफ्ट व व्हाइव्हपासून हेडसेटचे पडदे सेकंदाला ९० चित्रे दाखवू लागले ते याच कारणाने. तरीही काडीने चालण्याचा प्रश्न त्यातून सुटत नाही, कारण तिथे यंत्र वेळेवर काम करत असते आणि विसंगती खेळाच्या रचनेतच असते.

मी पहिले दोन आठवडे काडीने चालायचे खेळ हातात घेतलेच नाहीत. तालावर येणारे ठोकळे तलवारीने कापण्याचा बीट सेबर, किंवा आपण हललो तरच काळ पुढे सरकतो असा सुपरहॉट, यांसारख्या खेळांत आभासी शरीर आपल्या खऱ्या शरीराइतकेच हलते, त्यामुळे मळमळ जवळपास नसते. त्यानंतर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर थेट उडी घेण्याची सोय असलेले खेळ, आणि मग हळूहळू काडीने चालणे, असा क्रम ठेवला. चालताना दृश्याच्या कडा काळ्या करणारी आणि वळताना ठरावीक अंशांनी एकदम वळवणारी सोय बहुतेक खेळांत असते. ती सुरू ठेवण्यात कमीपणा नाही. समोर टेबलपंखा लावल्याने दोन फायदे झाले: वाऱ्यामुळे आपले तोंड कोणत्या दिशेला आहे याचे भान राहते आणि लेन्सवर वाफ धरत नाही. पण सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे पोटात किंचितही अस्वस्थ वाटताच हेडसेट काढायचा. थोडे सोसले की सवय होईल, हा सल्ला मला अनेकांनी दिला आणि तो घातक आहे. सोसत राहिल्यास शरीर त्या यंत्राचाच धसका घेते आणि पुढे हेडसेटचा वास आला तरी मळमळते, असे माझ्या एका मैत्रिणीचे झाले. माझ्या बाबतीत जुलैच्या मध्यापर्यंत मोकळ्या जागेत काडीने चालणे सुसह्य झाले. मोटारींच्या शर्यती आणि विमाने आजही होत नाहीत, आणि त्या व्हायलाच हव्यात असा हट्ट मी सोडला आहे.

डोळ्यांचा थकवा हा वेगळा भाग आहे. हेडसेटमधील दृश्य जवळचे असो वा दूरचे, लेन्समुळे डोळ्यांना ते एकाच अंतरावर, साधारण एक-दीड ते दोन मीटरवर, केंद्रित करावे लागते. दोन्ही डोळे मात्र वस्तूच्या आभासी अंतरानुसार आत वळतात. प्रत्यक्षात या दोन क्रिया नेहमी जोडीने होतात, इथे त्यांची फारकत होते. म्हणूनच आभासी पुस्तक नाकाजवळ धरून वाचण्याचा ताण येतो. मी साधारण अर्ध्या तासाने थांबते आणि खिडकीबाहेर दूर पाहते.

नंबरच्या लेन्सचा निर्णय मुद्दाम पुढे ढकलला होता. हेडसेटमध्ये बसवायच्या या लेन्स आपल्या नंबरप्रमाणे घडवलेल्या असल्यामुळे त्या परत घेतल्या जात नाहीत, हेडसेट मात्र परत करता येतो. आधी लेन्स मागवल्या आणि मग हेडसेट जमला नाही, तर तो खर्च बुडीत जातो. त्यामुळे परतीच्या मुदतीत मी चष्म्यावरच हेडसेट चढवला, मध्ये जागा ठेवणारी पट्टी बसवली आणि मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी हेडसेट ठेवायचे नक्की झाल्यावर लेन्सची मागणी नोंदवली. नंबर, दंडगोलीय क्रमांक आणि त्याचा अंश हे तीनही आकडे ऑनलाइन अर्जात भरताना अधिक-उणे चिन्हे दोनदा तपासावीत. लेन्स यायला तीन आठवड्यांच्या आसपास लागले. हेडसेटवरील सर्व पूरक खर्चांपैकी पैसे पूर्ण वसूल झाले ते याच एका खर्चातून, कारण चष्मा काढा, हेडसेट चढवा, चष्मा कुठे ठेवला ते शोधा, हा सगळा व्याप संपला.

खेळांची खरेदी परताव्याच्या नियमांना धरून केली. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ कारण न विचारता परत घेतला जातो. मेटाच्या दुकानातही साधारण हेच दोन निकष आहेत. प्लेस्टेशनच्या दुकानात मात्र खेळ उतरवायला सुरुवात केली की सर्वसाधारणपणे परताव्याचा हक्क जातो, म्हणून तिथे अधिक जपून राहावे लागते. मळमळीच्या दृष्टीने हे दोन तास पुरेसे असतात: खेळ आपल्याला मानवतो की नाही हे पहिल्या अर्ध्या तासात कळतेच. मी बरेच खेळ परत केले आणि प्रत्येक वेळी पैसे आले.

खेळांच्या दर्जाविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर संग्रह विषम आहे. व्हॉल्व्हने मार्च २०२० मध्ये आणलेला हाफ-लाइफ: अॅलिक्स हा संगणकावरचा खेळ हे माध्यम काय करू शकते याचा पुरावा आहे, टेबलाखाली वाकून शोधणे, एका हाताने दार ढकलून दुसऱ्या हाताने नेम धरणे, या गोष्टी सपाट पडद्यावर होऊच शकत नाहीत. पण त्या तोलाचे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. उरलेल्यांत छोट्या चमूंनी केलेले, दोन-तीन तासांत संपणारे, पण एका कल्पनेवर घट्ट उभे असलेले खेळ बरेच सापडतात, आणि मला त्यांतच अधिक आनंद मिळाला. शंभर तास चालणारी कथा ज्यांना हवी असते, त्यांनी आपला नेहमीचा पडदाच जपावा.

जुलैत संगणकाशी जोडणी केली. वायफायने खेळायचे असल्यास संगणक राऊटरला तारेनेच जोडलेला हवा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर हवा आणि राऊटर त्याच खोलीत असलेला उत्तम. या तीन अटींपैकी एकही सुटली की चित्र अडखळते, आणि अडखळणारे चित्र म्हणजे पुन्हा मळमळ. माझा राऊटर दुसऱ्या खोलीत होता, म्हणून फक्त या कामासाठी एक वेगळा स्वस्त राऊटर घेतला. ही जोडणी जमवण्यात एक शनिवार-रविवार पूर्ण गेला आणि त्यानंतर काही करावे लागले नाही.

ऑगस्टमध्ये एका कंट्रोलरची काडी बोट न लावताही एका बाजूला सरकू लागली. या प्रकारच्या काड्यांमध्ये घर्षणाने असे होणे नेहमीचे आहे. वॉरंटीचा अर्ज ऑनलाइन भरला. त्यात बिलाची प्रत, अनुक्रमांक आणि दोष दाखवणारी छोटी चित्रफीत मागितली होती. त्यानंतर मदत विभागाने बॅटरी बदला, पुन्हा जोडणी करा, संपूर्ण रिसेट करा, असे टप्पे एकेक करून सांगितले. मी सर्व टप्पे केल्याचे तारखांसह एकाच उत्तरात लिहून पाठवले, तेव्हा फाइल पुढे सरकली. नवा कंट्रोलर हाती यायला महिना जवळ आला. वॉरंटी फक्त एका वर्षाची होती. काडीचा दोष नंतर उद्भवला असता तर कंट्रोलर विकत घ्यावा लागला असता, हे खर्चाच्या हिशेबात धरावे.

सप्टेंबरमध्ये वापर घसरला. नवलाई ओसरली होती, पण घसरणीचे खरे कारण ते नव्हते. हेडसेट पेटीत ठेवलेला असे, कंट्रोलरच्या बॅटऱ्या संपलेल्या असत, टेबल सरकवावे लागे आणि तेवढे करेपर्यंत खेळण्याची इच्छाच विरून जाई. मग हेडसेटला टेबलावर चार्जरसह कायमची जागा दिली, मात्र खिडकीपासून दूर, कारण लेन्समधून आत शिरलेले ऊन भिंगासारखे एकवटून आतील पडदा काही मिनिटांत जाळू शकते. रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांची दुसरी जोडी कायम भरलेली ठेवली आणि टेबलाखाली चाके लावली. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी अर्धा-पाऊण तास खेळणे होते. चेहऱ्याला लागणारा फोमचा भाग सिलिकॉनच्या आवरणाने झाकावा. २०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या फोममुळे काहींच्या त्वचेला त्रास झाल्याच्या तक्रारींवरून तो भाग परत मागवून सिलिकॉनची आवरणे देण्यात आली होती. लेन्स मात्र कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच पुसाव्यात, अल्कोहोल लावू नये.

तर पैसे घालावेत का? माझ्यापुरते उत्तर होकारार्थी आहे, आणि त्यामागे माझी परिस्थिती आहे: मोकळा चौकोन कायम उपलब्ध आहे, उभे राहून घाम येईपर्यंत खेळायला आवडते, संगणक आधीच होता आणि छोट्या खेळांचे वावडे नाही. यातल्या दोन गोष्टी जरी नसत्या, तरी मी हेडसेट मुदतीत परत केला असता. दिवसभराच्या कामानंतर सोफ्यावर रेलून खेळणाऱ्याला, किंवा खेळता खेळता घरच्यांशी गप्पा मारायच्या असणाऱ्याला, हे यंत्र लवकर कंटाळवाणे होईल, कारण ते घातल्यावर आपण खोलीतून नाहीसे होतो. बसमध्ये वाचतानाही ज्यांना गरगरते, त्यांनी केंद्रातली चाचणी दोनदा तरी करावी. नवीन मॉडेल येईपर्यंत थांबावे का, असेही अनेकजण विचारतात. या क्षेत्रात किमती उतरतातच असे नाही. क्वेस्ट २ ची किंमत बाजारात येऊन दोन वर्षे होत आली असताना, ऑगस्ट २०२२ मध्ये, कमी होण्याऐवजी १०० डॉलरने वाढवण्यात आली होती.

जुना हेडसेट घेणे हा खर्च निम्म्यावर आणण्याचा चांगला मार्ग आहे, कारण कपाटात गेलेले हेडसेट विकायला पुष्कळ निघतात आणि ते फारसे वापरलेलेही नसतात. त्या वेळी लेन्सवर ओरखडे आहेत का, पांढऱ्या पडद्यावर उन्हाने जळलेले ठिपके दिसतात का, दोन्ही काड्या सोडल्यावर मध्ये येऊन थांबतात का आणि कंपनी त्या मॉडेलला अजून अपडेट देते का, हे पाहावे. विकणाऱ्याने आपले खाते काढून हेडसेट आपल्यासमोर फॅक्टरी रिसेट करावा आणि आपण आपल्या खात्याने लॉगिन करून एखादा मोफत खेळ चालवून पाहावा; तो चालल्यानंतरच पैसे द्यावेत.